आधी कलम दाखवा, मग मोबाईल ठेवतो!

बारामती-इंदापूरच्या नागरिकहो,

सातबारावरची चूक दुरुस्त करायला, मोजणीची तारीख विचारायला, नाहीतर नुसती अर्जाची पोच घ्यायला आपण सरकारी कचेरीत जातो. अनेक ठिकाणी दारावरच फलक असतो : ‘फोटो व व्हिडिओ काढण्यास सक्त मनाई.’ खाली ना सही, ना जावक क्रमांक, ना कायद्याचं नाव. तरी आपण मुकाट्याने मोबाईल खिशात घालतो.

का घालतो? ‘३५३ टाकीन’ या धाकाने. ते जुनं कलम ३५३ आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे. ते लागायला कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळाचा वापर व्हावा लागतो. मोबाईल हातात धरणं म्हणजे हल्ला नव्हे.

दुसरा धाक १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचा. तो इंग्रजांनी केला, आणि त्यातली ‘प्रतिबंधित ठिकाणं’ म्हणजे लष्करी तळ, शस्त्रागारं वगैरे. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात २०१८ साली व्हिडिओ काढला म्हणून एका नागरिकावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला : पोलीस ठाणं त्या व्याख्येत येत नाही. मग जिथे ठाणंच बसत नाही तिथे फेरफाराची नोंदवही कशी बसणार?

या निकालाने कुठेही कॅमेरा घेऊन घुसायचा परवाना मिळाला, असं मात्र कोणी समजू नये. मतदान केंद्रात मोबाईल नको, हे योग्यच. मत गुप्त राहिलं पाहिजे. तक्रार द्यायला आलेल्या बाईचा, दवाखान्यातल्या रुग्णाचा चेहरा टिपणं हा निव्वळ हलकटपणा. आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून, कारकुनाच्या तोंडासमोर माईक धरून नंतर पाकीट मागणारे जे यूट्यूबवाले झाले आहेत, त्यांच्यामुळेच या फलकांना निमित्त मिळतं. त्यांच्यावर खंडणीचा गुन्हा नोंदवा. त्यांची शिक्षा शेतकऱ्याला कशाला?

खरी गंमत पुढे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने फलक लावायचाच आहे : कोणती सेवा, किती दिवसांत, देणारा अधिकारी कोण, अपील कोणाकडे. सबळ कारणाशिवाय काम रखडवलं तर ५०० ते ५००० रुपये दंड. हा फलक शोधा. सापडलाच तर कपाटाआड सापडेल. कायद्याने सांगितलेला फलक आडोशाला आणि कायद्याचा पत्ता नसलेला दारावर!

माहिती अधिकार कायद्याने कागद पाहण्याचा, टिपणं घेण्याचा, नकला मागण्याचा हक्क २००५ पासून आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ अभिलेख पाहण्यासाठी ठेवली आहे. मनाईचा फलक लावणाऱ्याला हे माहीत नसेल, असं मानायला आम्ही तयार नाही.

तेव्हा भांडू नका, आवाज चढवू नका. साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा : ‘आपल्या दारावरचा मनाईचा फलक कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेस, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली लावला? आदेशाची प्रत द्यावी.’ दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आदेश निघाला तर आपण पाळू. नाही निघाला, तर फलक उतरवण्याची मागणी लेखी करा, आणि त्या अर्जावर एकट्याची नको, गावातल्या जमतील तेवढ्या लोकांच्या सह्या घ्या.