जनरेटर आपोआप बंद झाला पाहिजे

लाईट गेली की घरामागचा जनरेटर सुरू करायचा आणि कामाला लागायचे, हे आता पोल्ट्रीवाले, दूधवाले सगळ्यांच्याच अंगवळणी पडले आहे. घेताना किती केव्हीएचा, डिझेल किती पितो, हे चार ठिकाणी विचारतात. ऑईल संपले किंवा पाणी आटले तर तो आपोआप बंद होतो का, हे सहसा कोणी विचारत नाही. आणि त्या वेळी माणूस जवळ नसतोच; तो गोठ्यात नाहीतर रानात.

डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो, ते थांबवायचे तर डिझेल तोडावे लागते. त्यासाठी पंपाच्या दांडीला सोलेनॉईड लावतात. खरी मेख इथेच आहे. काही सोलेनॉईड करंट मिळाल्यावर इंजिन बंद करतात. उंदराने वायर कुरतडली की ते कुचकामी, आणि कळतही नाही. माझे स्पष्ट मत असे की उलट्या पद्धतीचा घ्यावा : करंट आहे तोवर इंजिन चालू, करंट गेला की स्प्रिंग दांडी ओढून डिझेल बंद करते. मग ऑईलच्या दाबाचा स्विच, पाण्याच्या तापमानाचा स्विच आणि दाराबाहेरचे लाल बटण एकाच वायरीवर ओळीने जोडता येतात. ऑईल स्विच मात्र दाब असताना जोडलेला राहणारा मागावा. दिव्यासाठीचा नेहमीचा स्विच नेमका उलटा असतो. सुरू करताना दाब नसतो, तेवढ्यापुरता काही सेकंदांचा टायमर लागतो.

पोल्ट्रीवाले म्हणतात, ‘साहेब, इंजिन मध्येच थांबलं तर पंखे बंद, पक्षी गुदमरून मरतील.’ आणि तार टाकून स्विच बांधून टाकतात. बोलण्यात तथ्य आहे, उन्हाळ्यात बंद शेडमध्ये फार वेळ मिळत नाही. पण ऑईल संपलेले इंजिन थांबणारच, तेही जाम होऊन. त्यापेक्षा वेगळ्या बॅटरीवर भोंगा लावा, म्हणजे कोणी धावत जाऊन पडदे तरी उघडेल.

चेंजओव्हर स्विचची गोष्ट वेगळी, तो ऐच्छिक समजूच नये. जनरेटरची वायर थेट घरच्या प्लगात खुपसली तर करंट उलटा डीपीवर जातो आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊ शकतात. खांबावर चढलेला वायरमन आपल्याच गावचा असतो. आणि कितीही स्विच लावले तरी बंद खोलीत जनरेटर चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

नळपाणी योजनेवर जनरेटर असेल तिथे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा, इंजिन चालू असताना, ऑईल स्विचची वायर काढायला सांगावी. इंजिन थांबले नाही तर त्याच दिवशी मिस्त्री बोलवावा.