नव्या यंत्राची मर्जी
धावदोऱ्याने गोधडी शिवणाऱ्या हाताला जे स्वातंत्र्य सहज प्राप्त असते, ते शिलाईयंत्राकडून मिळवावयाचे तर सुईखालचे, कापड आपल्या शिस्तीने पुढे ढकलणारे दाते प्रथम बडतर्फ करावे लागतात. आणि त्यांचा अंमल एकदा उठला, की टाक्याची लांबी ठरविण्याचा सर्व अधिकार, त्यासोबतची जोखीमही, कापड सरकविणाऱ्या दोन तळहातांकडे येते. सुई वेगाने चालली आणि हात रेंगाळले तर टाके मुंगीच्या पावलांएवढे पडतात, उलट झाले तर लांबलचक. म्हणून जुन्या, पायाने चालविण्याच्या यंत्रावर वर्षानुवर्षे जुळलेला हातापायांचा मेळ विजेच्या नव्या यंत्रावर जसाच्या तसा उपयोगी पडेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. इलायस होवेने १८४६ साली पेटंट घेतलेल्या यंत्रापासून चालत आलेल्या या दुहेरी टाक्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा यांची गाठ थरांच्या पोटातच पडली पाहिजे, आणि जुन्या लुगड्यांच्या चार घड्यांत ती नेमकी कोठे पडेल, याबाबत प्रत्येक यंत्राची मर्जी निराळी. अशा वेळी माहितीपुस्तिकेपेक्षा (ती वाचू नये असे नव्हे!) त्याच थरांचा वीतभर तुकडा शिवून त्याची पाठ तपासणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण वरच्या दोऱ्याचा ताण सैल असल्याची तक्रार कापडाची खालची बाजूच प्रथम दाखल करते.