धाप लागणे हे नशीब नाही

दारव्ह्यात एखाद्याला चार पायऱ्या चढताना धाप लागली की मोहल्ल्यातले निदान तयार असते: "दमा है." पाठोपाठ दुसरे वाक्य येते: "उमर हो गई." या दोन वाक्यांत त्या माणसाचा निकाल लागतो. तपासणी होत नाही, कारण विचारले जात नाही. खोकल्याच्या बाटल्या आणि इंजेक्शने सुरू राहतात, आणि एका हिवाळ्यात त्याला यवतमाळला हलवावे लागते. मग आपण म्हणतो, अल्लाहची मर्जी.

अल्लाहच्या मर्जीवर आपला ईमान आहे. पण चुलीचा धूर, पिंजणाची धूळ आणि विडी ही माणसाची कामगिरी आहे. तिचा हिशेब माणसांनीच द्यायचा आहे.

या आजाराचे नाव सीओपीडी. यात श्वासनलिका हळूहळू अरुंद होतात, फुफ्फुसातले हवेचे फुगे फाटतात आणि आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. 1990 मध्ये भारतात याचे 2 कोटी 81 लाख रुग्ण होते, 2016 मध्ये 5 कोटी 53 लाख झाले. हे आकडे 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2018 साली आले. त्याच अभ्यासानुसार या आजाराच्या ओझ्यापैकी 53.7 टक्के वायुप्रदूषणामुळे, 25.4 टक्के तंबाखूमुळे आणि 16.5 टक्के कामाच्या जागेमुळे आहे. म्हणजे "मी तर विडीला हात लावत नाही" हे उत्तर पुरेसे नाही. पऱ्हाटी आणि तुराट्यांवर तीस वर्षे भाकरी थापणाऱ्या अम्मीनेही विडीला हात लावलेला नसतो. घरात गॅस आहे, पण सिलिंडर पाहुण्यांच्या चहासाठी आणि रोजचा स्वयंपाक चुलीवर, अशी घरे आपल्या ओळखीची आहेत. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल आणखी भर घालते. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते.

आता कामाच्या जागेबद्दल. हा कापसाचा जिल्हा आहे आणि गादी-रजईचे पिंजण ही आपल्यातल्या पिंजारी-मन्सूरी घरांची पिढीजात रोजी. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो नोंद करण्याजोगा आजार म्हणून लिहिलेला होता. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची सुरुवातीची खूण. पुस्तकात तिला सोमवारचे दुखणे म्हणतात. दुकान शुक्रवारी बंद राहत असेल तर हा सोमवार शनिवारी येतो. पण बाप आणि दोन मुले चालवतात ते पिंजणाचे दुकान कायद्याच्या लेखी कारखानाच नसते. त्यामुळे तिथली धूळ कोणी मोजत नाही आणि तिथला आजार कुठल्याही रजिस्टरमध्ये चढत नाही. दाखल्यावर 'पिंजारी' लिहून घ्यायला आपण तहसीलच्या फेऱ्या मारतो. पिंजाऱ्याच्या फुफ्फुसासाठी एक तरी फेरी मारली का?

दुसरा अडथळा आपल्या डोक्यात आहे. "पंप शेवटचा इलाज, एकदा लागला की सुटत नाही" असे सगळीकडे ऐकू येते. साधा हिशेब करा. साल्बुटामॉलची एक गोळी 4 मिलीग्रॅमची असते, पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध, आणि ते सगळ्या शरीरात फिरते. फवारा थेट श्वासनलिकेत जातो. गोळी चालते आणि पंपाची लाज वाटते, हे कुठले शहाणपण? चष्मा लावणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही.

रमजानमध्ये ही लाज जिवावर बेतते. पंपाने रोजा तुटतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्याकडचे बहुतेक हनफी मुफ्ती तुटतो म्हणतात, इब्न बाज आणि इब्न उसैमीन यांनी तुटत नाही असे मत दिले. या वादाचा निकाल लावायला रुग्णाला महिनाभर धापा टाकायला लावू नका. रोजचे पंप बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे असतात, ते डॉक्टरांना विचारून सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात. दिवसा श्वास अडकला तर आधी पंप, मग मसला. आजारी माणसाची सवलत सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतीत आहेच: रोजे नंतर पूर्ण करा, आणि बरे होण्याची आशाच नसेल तर उलेमा फिदया सांगतात. हे पहिल्या तरावीहच्या आधी मशिदीतून जाहीर का होऊ नये?

काही जण म्हणतील, आधी पोट, मग फुफ्फुस. पण ज्याला धाप लागते तो मजुरीला जाऊ शकत नाही. फुफ्फुस गेले की पोटही जाते. मग तेच घर जकातीच्या यादीत येते. शेवटच्या आठवड्यातल्या ऑक्सिजनसाठी आपण चंदा गोळा करतो. त्याच चंद्यातून दहा वर्षे आधी पंप दिला असता तर तो माणूस कमावता राहिला असता.

आणि सरकारला प्रश्न विचारणे हे तरुणांचे काम. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता सीओपीडी आणि दमा सामील आहेत. साल्बुटामॉल, बुडेसोनाइड, टायोट्रोपियम ही औषधे 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. निदानासाठी स्पायरोमेट्री लागते, म्हणजे नळीत जोराने फुंकायची काही मिनिटांची तपासणी. तेव्हा 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करा आणि चार प्रश्न विचारा: तालुक्यात स्पायरोमीटर कुठे आहे, तो कोण चालवतो, कोणत्या दिवशी चालतो आणि गेल्या वर्षी किती पंप वाटले? उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. उत्तर "नाही" आले तर ते लेखी "नाही" असेल, आणि लेखी "नाही" घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत जाता येते.

तोवर घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. विडी सोडा आणि सोडवा. पिंजण उघड्यावर किंवा धूळ बाहेर फेकणाऱ्या पंख्यासमोर करा, तोंडाला रुमालाऐवजी एन-95 मास्क बांधा. चुलीला धुराडे आणि खिडकी द्या, सिलिंडर रोजच्या भाकरीला वापरा. फाटलेले फुफ्फुस परत शिवता येत नाही, पण धूर आणि धूळ थांबवली तर उरलेले वाचते. सबर हा ईमानाचा भाग आहे. पण इलाज हाताशी असताना आईला खोकत ठेवणे याला सबर म्हणत नाहीत.