नोटीस तीस दिवसांची, रुसवा जन्माचा

वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी एकच विद्या शिकलो : सही ताडून पाहणे. बी. कॉम.ला असताना शिकलेलं बाकी सगळं परीक्षेच्या दिवशी संध्याकाळीच विसरलो होतो. हल्ली आमच्या हुद्द्याला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव दिलेलं आहे, पण पासबुकात नोंद पडली नाही की गिऱ्हाईक ओरडतं ते कारकुनावरच. तर सांगायचं म्हणजे, गेल्या महिन्यात माझी भाची घरी आली आणि म्हणाली, “मामा, एक सही हवी होती,” तेव्हा मी सवयीने विचारलं, “ओळखपत्र आणलंयस?”

“तुझंच लागेल,” ती म्हणाली. “मी लग्न करतेय. रजिस्टर. तिसरा साक्षीदार कमी पडतोय.”

आता वाचकहो, यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तुमच्याकडे रजिस्टर लग्न म्हणजे हॉलचं भाडं वाचवण्याची युक्ती. पण आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्यात लग्न हा सात संस्कारांपैकी एक. तो चर्चमध्ये, धर्मगुरूसमोर, दोन साक्षीदारांच्या देखत व्हावा लागतो. तसा झाला नाही आणि बिशपांची सूटही घेतली नाही, तर सरकार तुम्हाला नवरा-बायको म्हणेल, शेजारी म्हणतील, रेशनकार्डही म्हणेल, पण चर्च म्हणणार नाही. रविवारी सगळी रांग कम्युनियन घ्यायला उठते तेव्हा तुम्ही बाकावर बसून राहायचं. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत उठताना आपल्याच पानावर काही वाढलेलं नसावं, तसं ते.

भाचीचं नाव सांगत नाही. वसईत नाव सांगितलं की आळी कळते, आळी कळली की घर, आणि घर कळलं की माझी बहीण मला घरात घेणार नाही. मुलगा डोंबिवलीचा, हिंदू, निर्व्यसनी आणि शाकाहारी. यातलं शेवटचं ऐकून माझ्या मेव्हण्याने पहिल्यांदा कपाळाला हात लावला.

“अगं, पण चर्चमध्ये का नाही?” मी विचारलं. “त्याने धर्म बदलायचीसुद्धा गरज नाही. बिशपांकडून परवानगी मिळते.”

“मिळते. फादरांना भेटून आले मी. चांगले आहेत. पण मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन मला द्यावं लागतं. आमचं दोघांचं ठरलंय की मुलं मोठी होऊन आपलं आपण ठरवतील. मग मी काय करू मामा? खोटी सही करू?”

वीस वर्षं सह्या ताडणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. मी गप्प बसलो. मला वाईट वाटलं, ते आजही वाटतं. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती माझ्या मांडीवर होती आणि पाणी पडल्यावर तिने जो सूर लावला होता तो अजून माझ्या कानात आहे. तिचं लग्न त्याच वेदीसमोर व्हावं असं मला वाटणारच. पण मला वाईट वाटणं आणि मी तिला वाईट वागवणं ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली रक्कम परस्पर दुसऱ्या खात्यात टाकली, तर आमच्याकडे त्याला अफरातफर म्हणतात.

आमच्या नातेवाइकांनी नेमकी तीच केली. रविवारी सभा भरली. आमच्याकडे सभेत आधी चहा होतो, मग विषय निघतो आणि शेवटी ज्याला काही विचारलेलं नसतं तो निर्णय देतो. यात तीन पक्ष निघाले.

पहिला पक्ष ‘त्यात काय झालं’वाल्यांचा. हे पुढारलेले. “अरे, प्रेम महत्त्वाचं, चर्च काय आणि कचेरी काय!” हे ऐकायला गोड आहे, पण माझ्या बहिणीसमोर हे म्हणणं म्हणजे जळलेल्या हाताला ‘हात तर आहे ना’ म्हणण्यासारखं आहे. जिने पंचवीस वर्षं त्या मुलीला हाताला धरून मिस्साला नेलं, तिला काहीतरी गमावल्यासारखं वाटणारच. ते दुःख खरं आहे. त्याला मागासलेपणा म्हणून मोकळं होणं हा माणुसकीचा स्वस्त माल आहे.

दुसरा पक्ष ‘उरकून घ्या’वाल्यांचा. “एवढं काय? वचन द्यायचं, फोटो काढायचे, पुढचं कोण बघतं?” गंमत म्हणजे हा पक्ष स्वतःला सर्वांत धार्मिक समजतो. देवासमोर खोटं बोललेलं चालेल, पण रजिस्ट्रारसमोर खरं बोललेलं चालणार नाही, अशी यांची श्रद्धा. आमच्या बँकेत असं कोणी कर्जाच्या अर्जावर केलं, तर त्याला फसवणूक म्हणतात. वेदीपुढे केलं की ते ‘ॲडजस्टमेंट’ होतं.

आणि तिसरा पक्ष, सर्वांत मोठा : बहिष्कारवाल्यांचा. “आपण कोणी जायचं नाही. दार बंद.” माझं भांडण आहे ते मुख्यतः यांच्याशी. तेव्हा मुद्देसूद भांडतो.

मुद्दा पहिला. “जाणं म्हणजे पाप,” असं आमचे एक काका म्हणाले. मी विचारलं, “कुठे लिहिलंय?” ते म्हणाले, “चर्चच्या कायद्यात.” आता कारकुनासमोर नियमाचं नाव काढू नये. चर्चचा सध्याचा कायदा १९८३ सालचा. त्यात १७५२ नियम आहेत. लग्न कसं व्हावं, परवानगी कोणी द्यावी, हे सगळं त्यात आहे. पण मामाने भाचीच्या अशा लग्नाला हजर राहू नये, असा नियम त्यात नाही. आपल्या हजेरीने ‘चर्चच्या दृष्टीनेही हे सगळं यथासांग झालं’ असा कोणाचा समज होऊ देऊ नये, असं जाणते धर्मगुरू सांगतात. ते शहाणपणाचं आहे. पण माझ्या भाचीच्या बाबतीत असा समज कोणाचा होणार? आख्ख्या आळीला तारीखवार माहीत आहे.

शिवाय हेच काका आपल्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाला पुण्याला गेले होते. तिथे त्यांनी अक्षता टाकल्या, दोनदा श्रीखंड घेतलं आणि जाताना जोडप्याला आशीर्वाद दिला. तेव्हा पाप लागलं नाही. साहेब होते ना.

मुद्दा दुसरा. “आपण गेलो तर धाकट्या मुलींना उत्तेजन मिळेल.” माझ्या हजेरीने कोणाला कशाचं उत्तेजन मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बँकेत मी वेळेवर हजर राहतो, पण त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा कोणी वेळेवर आल्याचं ऐकिवात नाही. आणि धाक दाखवून ही लग्नं थांबत असती, तर आमच्या आत्याच्या लग्नानंतर ती आमच्या घरात तरी कायमची थांबायला हवी होती. आत्याची गोष्ट शेवटी सांगतो.

मुद्दा तिसरा, लपवाछपवीचा. “चोरून केलेलं लग्न,” असं एक काकू म्हणाल्या. इतिहास असा, की १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले. त्याआधी दोघांनी एकमेकांना वचन दिलं तरी लग्न लागत असे, आणि पुढे एकाने कानावर हात ठेवला की दुसऱ्याचा जन्म वाया जात असे. चोरटी लग्नं थांबावीत म्हणून तो नियम आला. आणि १९५४चा विशेष विवाह कायदा काय करतो? तुमची नोटीस कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावतो, तीस दिवस थांबवतो, ज्याला हरकत घ्यायची त्याला मुदत देतो आणि वर तीन साक्षीदार मागतो. चर्चला दोन पुरतात. इतकी उघड्यावरची चोरी मी तरी पाहिलेली नाही.

मुद्दा चौथा, आणि हा हसण्यावारी नेऊ नका. चर्चने दार बंद केलेलं नाही. असं लग्न पुढे चर्चमध्ये रीतसर करून घेता येतं. काही प्रसंगी पुन्हा शपथा न घेताही बिशप ते मुळापासून वैध ठरवू शकतात. आणखी दहा वर्षांनी माझ्या भाचीच्या मनात आलं, तर तिला त्या दाराशी कोण घेऊन जाणार? तिच्याशी दहा वर्षं बोलत राहिलेला माणूस. ज्याने दहा वर्षं तोंड फिरवलं, त्याचा हात धरून कोणी वेदीपाशी जात नाही. म्हणजे दार चर्चने लोटून ठेवलंय आणि कडी लावलीय काकांनी.

“शुभवर्तमान वाचा,” असं काकांनी मला बजावलं. वाचलं. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ आहे. त्यात रूथ आहे. ती मवाबी, परक्या जातीची, परक्या देवांच्या देशातली. लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्र आहे. माझी भाची उधळी नाही, ती बापाच्या घराच्या कर्जाचे हप्ते भरते. पण त्या गोष्टीत मोठा भाऊही आहे. आत मेजवानी चालू आहे आणि हा नियमाने वागलेला सज्जन अंगणात रुसून उभा आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. तो आत गेला की नाही, ते लिहिलेलं नाही. आमच्या आळीवरून पाहता, अजून बाहेरच असावा.

हे फक्त आमच्याच दाराशी घडतं असंही नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढून पाहा. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायको काही वर्षं दोन ठिकाणी राहिली, मग पुन्हा एकत्र आली. तिथे वाट उलटी होती, नातेवाईक मात्र असेच. दार कुठलंही असो, आदळण्याचा आवाज सारखाच येतो. आणि आम्ही वसईकरांनी तर फारच जपून बोलावं. लग्नाच्या आधी आम्ही वाजतगाजत उंबराचं पाणी आणतो, हळद लावतो. ते काही रोमहून आलेलं नाही. आमचेही पूर्वज कोणाच्या तरी घरातून कधीतरी निघूनच आलेले आहेत, आणि तेव्हाही मागे कोणीतरी रुसलं असेल.

आता आत्या. तिने १९७९ साली असंच लग्न केलं. आजोबांनी जाहीर केलं, “मला मुलगी नव्हती.” त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. १९९१ साली आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दफनाच्या वेळी कंपाउंडच्या भिंतीबाहेर एक बाई उभी होती. चेहरा थेट वडिलांसारखा. मी वडिलांना विचारलं, “ती कोण?” वडील म्हणाले, “पुढे बघ.” सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. ती बाहेरच राहिली. सगळे पांगल्यावर आत गेली असेल, असं मी आजवर मानत आलो आहे.

त्याच आठवड्यात आजोबांची पेटी उघडली. जमिनीच्या कागदांखाली आत्याचं लहानपणीचं पोस्टाचं पासबुक निघालं, फडक्यात नीट गुंडाळलेलं. शेवटची नोंद लग्नाच्या आधीची. ज्याला मुलगी नव्हती, त्याने तिचं खातं बारा वर्षं जपून ठेवलं होतं. बंद केलं नव्हतं, व्यवहार तेवढा बंद होता.

आमच्याकडे दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही, की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. पण तेव्हाही माणूस कागदपत्रं घेऊन आला, तर त्याचे पैसे त्याला मिळतात. नात्यात ही सोय नाही. तिथे खातेदार मेला, की मागे राहिलेल्याने पासबुक घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं, हे कोणी सांगत नाही. आजोबा जिंकले असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा. मी ते पासबुक पाहिलेलं आहे.

काकांनी १७५२ नियमांचा दाखला दिला, पण शेवटचा नियम वाचला नाही. लोक कर्जाच्या कागदाचंही शेवटचं पान वाचत नाहीत. तो १७५२वा नियम सांगतो, की आत्म्यांचं तारण हाच चर्चमधला सर्वांत मोठा कायदा. भाचीशी अबोला धरून कोणाच्या आत्म्याचं तारण होणार, ते काकांनी मला लेखी कळवावं. पोच देईन.

तर मी सही करणार आहे. येत्या गुरुवारी, अकरा वाजता. तिचं चुकलं का बरोबर, हे ठरवणारा अधिकारी मी नव्हे. माझं काम एवढंच सांगायचं की ही सही तिचीच आहे, मी ओळखतो.

बहीण या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती. काल रात्री तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पावसाचं झालं, केळीच्या भावाचं झालं. मग म्हणाली, “त्या कचेरीत जेवायची सुट्टी किती वाजता असते रे?”

“सरकारी काम आहे, ताई,” मी म्हटलं, “आपण लवकरच निघू.”

‘आपण’वर तिने हरकत घेतली नाही. तशी हरकतीची मुदत तीसच दिवसांची असते. ती परवा संपली.