पगारी मोतद्दार, हौशी मालक

नियम असावेत, लिहून ठेवलेले असावेत आणि सगळ्यांना सारखे लागू व्हावेत, हे माझं मत या सदराच्या वाचकांना पाठ आहे. त्यामुळेच या आठवड्यात अमेरिकन घोडेस्वारी महासंघाची नियमावली वाचून जी चिडचिड झाली, ती मांडायलाच हवी. तिथल्या हंटर-जंपर प्रकारच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरायचं तर स्वार, घोड्याचा मालक आणि प्रशिक्षक या तिघांनाही महासंघाचं सदस्यत्व लागतं. त्याशिवाय हंटर-जंपर संघटनेचं सदस्यत्व वेगळं, आणि ते नसेल तर स्पर्धेगणिक जादा शुल्क. घोड्याची नोंदणी निराळी. ड्रेसेजकडे वळलात की संघटना बदलते, इव्हेंटिंगकडे वळलात की पुन्हा बदलते. अठरा वर्षांवरच्या स्वाराला हौशी गटात उतरायचं असेल तर आपण हौशी असल्याचं रीतसर लिहून द्यावं लागतं. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या मराठी घरांनी यातले काही कागद भरलेही असतील.

कागद पुष्कळ आहेत, एवढीच तक्रार असती तर लिहायचं कारण नव्हतं. खरी अडचण अशी की इथे तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतवून ठेवले आहेत. समोरचा घोडा तोच आहे का आणि निरोगी आहे का, हा पहिला. कुणी कुणाशी झुंजावं, हा दुसरा. संघटनेचा खर्च कुणी उचलावा, हा तिसरा. पहिल्याच्या बाबतीत नियम कितीही कडक असोत, मी त्यांच्या बाजूनं उभा आहे. पशुवैद्य घोड्याच्या मानेत डाव्या अंगाला सुईनं एक चिप सोडतो. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते. वरून यंत्र फिरवलं की पंधरा आकडे उमटतात. चिपची सक्ती नव्हती तेव्हा नवख्या घोड्यांच्या गटात बक्षिसं मिळवलेला घोडा विकला जाऊन, नवं नाव घेऊन पुन्हा नवखा म्हणून उतरवता येत असे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला येणाऱ्या घोड्याला इन्फ्लुएन्झाची लस सहा महिने एकवीस दिवसांच्या आत टोचलेली असावी लागते, कारण एक घोडा खोकू लागला की सगळा तबेला आजारी पडायला वेळ लागत नाही. घोड्याला स्वतःची तक्रार सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी कागदावर बांधलेलं असणं गरजेचं आहे.

घोळ आहे तो दुसऱ्या प्रश्नात. हौशी कोण, याचं अमेरिकन नियमावलीतलं उत्तर मुख्यतः पैशांवर बेतलेलं आहे. घोडा फिरवण्याचे, तयार करण्याचे किंवा शिकवण्याचे पैसे घेतले की हौशीपण संपलं. इथवर समजतं. पण पुढे वाचा. पगारी मोतद्दार म्हणून काम करणारी मुलगी खरारा करण्याचे, दाणावैरण बघण्याचे पैसे घेऊन हौशी राहू शकते. मात्र त्याच मालकाच्या पागेतल्या घोड्यावर बसून तिनं स्पर्धा केली, की ती व्यावसायिक. नवरा प्रशिक्षक असेल आणि लोकांचे घोडे पैसे घेऊन तयार करत असेल, तर त्यातल्या एखाद्या घोड्यावर बायकोनं स्पर्धा करताच तिचं हौशीपण जातं, भले तिनं एक छदामही घेतला नसेल. स्वतःच्या मालकीचा घोडा असला तर हरकत नाही. आता दुसरं टोक बघा. चार उत्तम घोड्यांचा धनी, ज्याचे घोडे पगारी प्रशिक्षक रोज तयार करतो आणि जो स्वतः दिवसभर खोगिरावर राहू शकतो, तो निर्विवाद हौशी. म्हणजे नियम कौशल्य मोजत नाही, सराव मोजत नाही. पोटासाठी घोड्याजवळ राहावं लागतं की नाही, एवढंच तो तपासतो.

असं तपासण्याला मोठा इतिहास आहे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारी फक्त सनदी लष्करी अधिकाऱ्यांना आणि हौशी 'सभ्य गृहस्थां'ना खुली होती. स्वीडनचा गेनेल पेर्सन हा सार्जंट. संघाला तो हवा होता, म्हणून स्पर्धेपूर्वी त्याला लेफ्टनंट केलं आणि स्वीडननं सांघिक ड्रेसेजचं सुवर्ण जिंकलं. स्पर्धा संपल्यावर काही आठवड्यांत तो पुन्हा सार्जंट झाला, हे उघडकीला आलं आणि १९४९मध्ये स्वीडनचं सुवर्ण काढून ते फ्रान्सला दिलं गेलं. घोडा तोच, स्वार तोच, परीक्षकांनी दिलेले गुण तेच. बदलला तो फक्त खांद्यावरचा हुद्दा. १९५२मध्ये हेलसिंकीला ही अट गेली, ड्रेसेजमध्ये स्त्रियाही आल्या. पेर्सन त्या वर्षी आणि १९५६मध्ये स्वीडनच्या सुवर्णविजेत्या संघात होता. पोलिओनं पायांतली ताकद गेलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं हेलसिंकीला वैयक्तिक रौप्य मिळवलं. अट टिकली असती तर ही दोघं मैदानात दिसलीच नसती. आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं ते ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग या दफेदारानं, म्हणजे सनदी अधिकारी नसलेल्या सैनिकानं. १९४८ची अट लावली असती तर ते अपात्र, आणि आजची अमेरिकन व्याख्या लावली तर घोड्यावर बसण्याचा पगार घेणारे म्हणून व्यावसायिक.

यावर घोडेस्वारीतली जाणती माणसं एक रास्त मुद्दा काढतील. रोज आठ-आठ घोडे फिरवणारा धंदेवाईक स्वार आणि कचेरी सुटल्यावर एका घोड्यावर तासभर रपेट करणारी बाई यांना एका रिंगणात सोडणं हाही अन्यायच. बरोबर आहे. मोतद्दाराचा तो चमत्कारिक नियमही उगाच आलेला नाही. स्वारीचा मोबदला खरारा करण्याच्या नावाखाली देण्याची पळवाट बुजवायला तो आणला गेला. पण पैसा हीच कसोटी धरली की प्रत्येक पळवाटेमागे एक पोटनियम येणार आणि प्रत्येक पोटनियमात एखादी निरपराध मोतद्दारीण अडकणार. पोलोनं हा गुंता केव्हाच सोडवला आहे. तिथे प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते दहा गोलांपर्यंत हँडिकॅप मिळतो. चौघांची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसली की संघ पात्र. पदरचे पैसे घालून खेळणारा धनिक आणि त्यानंच मानधन देऊन बोलावलेला कसलेला खेळाडू एकाच संघातून उतरतात, आणि पगार कुणाला मिळतो हा प्रश्न पात्रतेच्या आड येत नाही. महालक्ष्मीच्या मैदानावर पोलो बघणाऱ्या मुंबईकरांना हे नवं नाही. हँडिकॅप खाली राहावा म्हणून कुणी मुद्दाम वाईट खेळेल, ही शंका खरी आहे. म्हणूनच जाणकारांची समिती तो वेळोवेळी तपासते. घोडेस्वारीत तर हे अधिक सोपं आहे. कुठल्या उंचीच्या अडथळ्यांवर किती वेळा बक्षीस मिळालं, ड्रेसेजमध्ये किती टक्के गुण पडले, याची नोंद महासंघांकडे असतेच. त्या नोंदीवरून गट पाडावेत आणि मोतद्दारिणीच्या पगाराची चौकशी थांबवावी.

राहिला तिसरा प्रश्न. संघटनेला पैसा लागतो, पंच आणि पशुवैद्य फुकट येत नाहीत, हे मान्य. मात्र वर्गणी भरणाऱ्याला त्या बदल्यात काय मिळतं हे धड ठरलेलं नसलं की काय होतं, ते भारतीय घोडेस्वारी महासंघात दिसतं. मताचा अधिकार राज्य संघटनांना की क्लब आणि व्यक्ती यांनाही, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षं चालला. दरम्यान २०२३मध्ये हांगझोऊला सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण आणलं, आणि घोडा बघायलाही न मिळालेल्या कितीतरी मुलांना या खेळाची ओढ लागली. त्यांतलं एखादं मूल उद्या तालुक्याच्या गावातून पहिल्या स्पर्धेला येईल. त्याच्या हातात तीन वेगळे कागद द्या. एकावर घोड्याची ओळख आणि लस, दुसऱ्यावर आजवरच्या कामगिरीवरून ठरलेला गट, तिसऱ्यावर शुल्क आणि ते कशासाठी घेतलं त्याचा तपशील. चौथा कागद मागायचा असेल तर तो या तिघांपैकी कुठल्या प्रश्नासाठी हवा, हे महासंघानं आधी लिहून द्यावं.