बिबट्या उसात आहे, हे सांगायला कॅमेरा नको

इनामगाव, मांडवगण फराटा, न्हावरे आणि घोड-भीमेच्या काठावरच्या शिरूर व दौंड तालुक्यांतील समस्त ग्रामस्थांस,

ऑक्टोबर २०२५ चा मध्य ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. एवढ्याशा काळात आपल्याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबुत परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लहान मुले होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, वनखात्याची गाडी पेटवली आणि शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्यानंतर मुंबई-नागपुरातून एकामागून एक उपाय जाहीर झाले. पिंजरे वाढवू, ड्रोन उडवू, बिबट्या दिसताच भोंगा वाजवणारी एआय यंत्रणा बसवू, माद्यांची नसबंदी करू, पकडलेले बिबटे जामनगरच्या वनतारात पाठवू, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून त्याला खाली आणू. डिसेंबरात वनमंत्री गणेश नाईक यांनी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पनाही मांडली. यातला जवळजवळ प्रत्येक उपाय बिबट्याचे काय करायचे याचा आहे. माणूस रात्री दोन वाजता उसात का उभा असतो, पोराला खेळायला उसाच्या सरीशिवाय दुसरी जागा का नसते, शेतमजूर बाईला अंधारात बांधाआड का बसावे लागते, याकडे पाहणारा उपाय त्या घोषणांमध्ये शोधावा लागतो. या पत्रकाचे म्हणणे एवढेच आहे की पहिला पैसा माणसाच्या सोयीवर खर्च झाला पाहिजे. कॅमेऱ्याची पाळी त्यानंतर.

बिबट्या कुठे आहे हे या भागात कोणाला ठाऊक नाही? तो उसात आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात आपल्या इनामगावी उत्खनन केले, तेव्हा घोडकाठी तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीबरोबर त्या लोकांनी खणलेला पाण्याचा पाट आणि बांधही सापडला. त्या वस्तीचे मुख्य धान्य होते जव. जव, गहू यांसारखे पीक चार-पाच महिन्यांत निघते आणि शेत मोकळे होते. आजच्या पाण्याचे तसे नाही. घोड धरण, चासकमान आणि कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, नदीवर बंधारे झाले आणि जिथे बाजरी-ज्वारी होत होती तिथे ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. डोक्याच्या वर गेलेले पीक, खाली पाचटाचा थर, शेजारी पाणी, बारमाही सावली आणि पलीकडे वस्तीवरची कुत्री-शेळ्या. मादी तिथेच विते, पिल्ले तिथेच मोठी होतात. उसात जन्मलेल्या या बिबट्यांना भीमाशंकरचे जंगल आपले घर वाटेल, असे मानायला काही आधार नाही. म्हणूनच जंगलात शेळ्या सोडून उसातला बिबट्या परत जाणार नाही. जंगलातली शेळी त्याच्या वाटेवर येतच नाही.

आता एआयच्या भोंग्याचे पाहू. कॅमेरा चित्र टिपतो, संगणक ते चित्र बिबट्याचे आहे का हे ओळखतो आणि मग भोंगा वाजतो किंवा फोनवर संदेश जातो. हे काम यंत्र करू शकते, त्याबद्दल वाद नाही. पण उभ्या उसात कॅमेऱ्याची नजर पहिल्या सरीपाशी संपते. बिबट्या बांध किंवा रस्ता ओलांडेल तेवढाच त्याला दिसणार. भोंग्याने दचकलेला बिबट्या परत उसात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतो, आणि त्या बाजूला दुसऱ्या कोणाची तरी वस्ती असते. रोज वाजणाऱ्या आवाजाला जनावर सरावते, माणूसही सरावतो. शाळेच्या वाटेवर, आठवडे बाजाराच्या रस्त्यावर, एखाद्या आश्रमशाळेच्या कुंपणाशी असे यंत्र जरूर बसवावे. आमचा विरोध यंत्राला नाही. यंत्र बसवले म्हणजे जबाबदारी संपली, या समजुतीला आहे. संदेश आला, तरी पाणी सोडलेला शेतकरी कुठे जाणार? मोटार चालू आहे, दारे धरलेले आहे आणि लाइट पहाटे जाणार आहे.

त्याच एआयने याच काळात दुसरेही एक काम केले. पुणे परिसरात बिबट्याची बनावट छायाचित्रे आणि चित्रफिती मोबाइलवर फिरू लागल्या. अमुक सोसायटीच्या दारात बिबट्या, तमुक चौकात बिबट्या. वनखात्याला खुलासे करावे लागले, कारवाईचे इशारे द्यावे लागले. खोट्या चित्रामागे वनरक्षक धावतो, तेव्हा खऱ्या ठशांपाशी कोणी नसते. मुळात एकेका वनरक्षकाच्या वाट्याला कितीतरी गावे येतात. म्हणून ज्याच्या फोनवर असे चित्र येईल त्याने ते पुढे ढकलण्याआधी जागा आणि वेळ विचारावी. उत्तर मिळाले नाही, तर चित्र तिथेच थांबवावे. एवढे काम सरकारवर सोपवायची गरज नाही.

‘सगळे बिबटे पकडा आणि लांब नेऊन सोडा’ ही मागणी सर्वांत जोरात होते. ज्या घरातले पोर गेले, त्या घराने ती केली तर तिच्यात चूक काढायचा अधिकार कोणालाच नाही. पण धोरण ठरवणाऱ्यांनी जुना अनुभव पाहिलाच पाहिजे, कारण तो आपल्याच भागातला आहे. शिरूर ज्यात मोडतो त्या जुन्नर वनविभागात फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेच्या काळात, २००३ पर्यंत, ती सरासरी सतरावर गेली आणि जिवावर बेतलेल्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परतीच्या वाटेवर वस्त्यांतून जाते, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत नवा बिबट्या येतो. कोणी म्हणेल, वनतारात पाठवलेला बिबट्या परत सोडला जाणारच नाही, मग हा धोका कुठे उरला? अर्धा उरलाच. ऊस तसाच उभा आहे, कुत्री तशीच आहेत, तेव्हा जागा रिकामी राहणार नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रात वर्षानुवर्षे जेरबंद बिबटे ठेवले जात आहेत, आणि तरीही उसातले बिबटे संपलेले नाहीत. नसबंदीचा परिणाम दिसायला कित्येक वर्षे जातील, तोवर आजची मादी आजच्याच उसात आहे. माणसावर हल्ला करणारा नेमका बिबट्या मात्र पकडलाच पाहिजे आणि पकडता येत नसेल तर कायद्याने परवानगी घेऊन मारलाच पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठीसुद्धा, ती तरतूद आहे. ती परवानगी लवकर मिळाली पाहिजे, या मागणीशी आम्ही पूर्ण सहमत आहोत.

आता मुख्य मुद्दा, लाइटचा. शेतीची थ्री फेज लाइट आपल्याकडे आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन डीपीपाशी जातो, मोटार सुरू करतो आणि दारे धरायला उसात शिरतो. वाफ्याचे तोंड फोडायला आणि बुजवायला तो खाली वाकतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, उंचीने तो त्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढा भासतो. वनखात्याची पत्रकेसुद्धा हेच सांगतात की रानात एकटे वाकून काम करू नका, अंधारात बाहेर पडू नका. सल्ला बरोबर आहे, पण एकाच सरकारचे एक खाते अंधारात जाऊ नका म्हणते आणि दुसरे खाते अंधारातच लाइट देते. पिंपरखेडला लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात गेल्याच्या बातम्या आल्या. मेंढ्यांच्या राखणीच्या कुत्र्याला बांधतात तसा पट्टा माणसाने गळ्यात घालायचा, यापेक्षा मोठा पुरावा आम्हाला द्यायचा नाही.

दिवसा लाइट देणे शक्य नाही, असे म्हणता येणार नाही, कारण शक्य असल्याचे सरकारनेच सांगितले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, त्याचे उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आले आणि २०२६ अखेरपर्यंत सगळ्या शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचे जाहीर झाले. सौर वीज दिवसाच तयार होते. मग प्रश्न उरतो तो क्रमाचा. कुठला फीडर आधी आणि कुठला नंतर? जिल्हा प्रशासनाने २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली २३३ गावे बिबट आपत्तीप्रवण म्हणून जाहीर केली आहेत. ती यादी म्हणजेच फीडरचा क्रम असायला हवा, आणि तिच्यात भीमेपलीकडची दौंडची उसाची गावेही यायला हवीत. बिबट्या तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. पिंपरखेडची मुले रात्री दारे धरायला गेली नव्हती, हल्ले दिवसाउजेडी आणि घराजवळच झाले. दिवसाच्या लाइटीने ती वाचली असती, असे आम्ही म्हणत नाही. तिथे प्रश्न घर आणि ऊस यांच्यातल्या अंतराचा आहे. मळ्यातल्या वस्त्यांवर कित्येक घरांच्या भिंतीपासून ऊस हातभर अंतरावर असतो, कारण जमीन थोडी आहे आणि प्रत्येक सरीचे पैसे होतात. घराभोवतीची पट्टी उसाऐवजी कांदा, मेथी, लसूणघास अशा ठेंगण्या पिकाला ठेवली तर बिबट्याला दबा धरायला आडोसा राहत नाही. त्यात शेतकऱ्याचे जे नुकसान होईल ते सरकारने भरावे. माणूस दगावल्यावर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते आणि ते दिलेच पाहिजेत. पण त्यातल्या थोड्या भागात अंगणाला जाळीचे कुंपण, गोठ्याला दार, एक दिवा आणि दाराजवळ संडास एवढे होऊ शकते, तर ते आधी का होत नाही? कुत्र्यांचाही विचार हवा. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला आणि सगळी पाळीव जनावरे धरून तो ८७ टक्के भरला. कोंबड्यांच्या दुकानांची घाण ओढ्यात पडते, तिथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ही घाण थांबवणे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. त्याला मंत्रालयाची सही लागत नाही.

सगळ्यात उघड्यावर असतात ते ऊसतोड मजूर, आणि त्यांच्यासाठी या चर्चेत कोणी बोलत नाही, कारण त्यांचे मत बीडला किंवा पाथर्डीला असते. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडतात, वर प्लास्टिकचा कागद, दाराला गोणपाट. आई-बाप पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात जातात आणि मूल झोळीत किंवा बैलगाडीखाली राहते. तोडणी सुरू झाली की बिबट्याची लपण दिवसागणिक आकसते, पिल्ले उघडी पडतात आणि मादी आसपास फिरत राहते. नेमक्या त्याच वेळी तिच्या जवळात जवळ असते ते या कोपीतले मूल. कारखाना ऊस नेतो, टोळीशी करार मुकादमामार्फत करतो. त्या टोळीला राहायला कुंपणाची, दिव्याची एकत्र जागा आणि मुलांना सांभाळायला पाळणाघर देणे ही कारखान्याचीच जबाबदारी धरली पाहिजे, मग कारखाना सहकारी असो वा खासगी.

‘तुम्ही बिबट्याची बाजू घेता, तो तुमच्या घरात सोडू का?’ असे विचारले जाईल. विचारणाऱ्याने वरचे सगळे पुन्हा पाहावे. त्यातली एकही मागणी बिबट्यासाठी नाही. आणि त्याचबरोबर सगळे बिबटे नाहीसे करू असे जो प्रचारात सांगतो, त्याने पंचवीस वर्षांपूर्वी जुन्नर विभागात नेमके काय घडले ते आधी सांगावे.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. आपले गाव त्या २३३ गावांच्या यादीत आहे का, ते तपासा आणि नसेल तर का नाही, याचे उत्तर तहसीलदारांकडून लेखी मागा. आपल्या शेतीफीडरला दिवसा लाइट कोणत्या तारखेपासून, हे महावितरणच्या उपविभागाकडून लेखी घ्या. पिंजरे आणि कॅमेरे यांसाठी जिल्हा नियोजनातून आलेल्या निधीतून अंगणाची कुंपणे, गोठ्यांची दारे आणि संडास यांवर किती खर्च झाला, हा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो फलक दाखवा आणि तारीख विचारा.