रशियन कुठे गेला?

‘द सोप्रानोज’ ही मालिका एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर १० जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली आणि ८६ भागांनंतर १० जून २००७ रोजी संपली. संपली म्हणजे पडदा काळा झाला. न्यू जर्सीतल्या एका साध्याशा उपाहारगृहात टोळीप्रमुख टोनी सोप्रानो बायको आणि मुलासह तळलेल्या कांद्याच्या चकत्या खात बसला आहे, मुलगी बाहेर गाडी लावण्याच्या खटपटीत आहे, दारावरची घंटी वाजते, टोनी मान वर करतो आणि चित्र व आवाज एकाच क्षणी नाहीसे होतात. दहाएक सेकंद काळोख, मग श्रेयनामावली. आपल्या घरची केबलच गेली असे त्या रात्री अनेकांना वाटले. ती गेलेली नव्हती हे कळल्यावर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही : टोनी मेला की जगला?

या वादात दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला आपण पंचनामेवाले म्हणू. कथानकातला प्रत्येक धागा शेवटी गाठ मारून दाखवला पाहिजे, न दाखवल्यास ते लेखकाचे भोक, असा त्यांचा कायदा. दुसरा पंथ गूढार्थवाल्यांचा. त्यांच्या मते भोक असे काही नसतेच. जे भोक दिसते ते कुलपाचे असते, आणि किल्ली पटावर कुठेतरी ठेवलेली असते. हे दोन पंथ एकमेकांना मूर्ख समजतात. माझे म्हणणे असे की ते सख्खे भाऊ आहेत, आणि दोघांनी मिळून या मालिकेतला सर्वांत जळजळीत प्रश्न वीस-पंचवीस वर्षे झाकून ठेवला आहे.

पंचनामेवाल्यांची सर्वांत आवडती तक्रार २००१ सालच्या ‘पाइन बॅरन्स’ या भागाविषयी आहे. टोनीचे दोन हस्तक, पॉली आणि ख्रिस्तोफर, एका रशियन माणसाकडे पैसे घ्यायला जातात. क्षुल्लक कारणावरून मारामारी होते, माणूस मेला असे समजून ते त्याला गाडीच्या डिकीत घालून दक्षिण न्यू जर्सीच्या बर्फाळ रानात नेतात. तो मेलेला नसतो. त्याला स्वतःचा खड्डा खणायला लावतात, तो फावड्याने दोघांना हाणून पळतो, पॉली गोळी झाडतो, ती लागल्यासारखी दिसते, आणि त्यानंतर रशियन नाही, रक्ताचा माग नाही. उरलेला भाग हे दोन निर्ढावलेले गुंड रान तुडवत, एक बूट हरवून, सॉसच्या पुड्या चोखत काढतात. रशियन पुढच्या एकाही भागात येत नाही. झाले! ‘रशियनचे काय झाले’ हा प्रश्न निर्माता डेव्हिड चेस याच्यामागे वर्षानुवर्षे लागला.

आता हे भोक आहे काय? भोक म्हणजे कलाकृतीने स्वतःच घालून दिलेला नियम स्वतः मोडणे. तशी ठिकाणे या मालिकेत आहेत. टोनीच्या आईचे काम करणारी नॅन्सी मार्चंड २००० साली वारली, तेव्हा जुन्या चित्रीकरणाचे तुकडे संगणकावर जोडून तिचा एक शेवटचा प्रसंग उभा केला गेला. ते ठिगळ आजही डोळ्यांत खुपते. पहिल्या पर्वात बेकरीतले एक किरकोळ गिऱ्हाईक म्हणून दिसलेला नट पुढच्या पर्वात वेगळ्याच नावाने टोळीत हजर होतो. हे दोष आहेत, ते दाखवावेत, दाखवणाऱ्याला कोणी अरसिक म्हणू नये. पण रशियनच्या बाबतीत मालिकेने कोणता नियम मोडला? तो परत आला तर ती जबाबदारी तुझी, असे टोनी पॉलीला त्याच भागात बजावतो. पॉलीच्या मानेवर कायमची तलवार टांगून भाग संपतो. ज्या धंद्यात माणसे नाहीशी करणे हे रोजचे काम, त्या धंद्यातल्या लोकांच्या हातून एक माणूस खरोखरच नाहीसा होतो आणि त्यांना ते सहन होत नाही, हा त्या भागाचा विनोद. तो ज्यांना सहन झाला नाही त्यात प्रेक्षकही आले.

इथवर हे सारे करमणुकीचे आहे. त्याच वर्षी, या भागाच्या काही आठवडे आधी, एक भाग येऊन गेला होता. टोनीची मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फी हिच्यावर वाहनतळाच्या जिन्यात बलात्कार होतो. गुन्हेगार पकडला जातो, पण पुरावा हाताळण्यातल्या घोळामुळे सुटतो. पुढे एका खाण्याच्या दुकानात महिन्याचा आदर्श कर्मचारी म्हणून भिंतीवर लावलेला त्याचाच फोटो तिला दिसतो. न्याय तिच्यासमोर दर आठवड्याला खुर्चीत येऊन बसतो आहे. एक शब्द टाकायचा अवकाश, टोनी त्या माणसाचे काय करील हे तिलाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. शेवटच्या प्रसंगात ती रडते. काय झाले, काही सांगायचे आहे का, अशा अर्थाचे टोनी विचारतो. ती ‘नाही’ म्हणते. तिथेच भाग तुटतो.

त्या बलात्काऱ्याला पुढे काहीही होत नाही. तो पुन्हा दिसत नाही. पंचनामेवाल्यांच्या यादीत रशियनच्या शेजारी हाही धागा ‘अपुरा सोडलेला’ म्हणून नोंदलेला असतो. माझा राग सुरू होतो तो इथे. कारण हा धागा अपुरा नाही. त्या एका शब्दाने तो संपला आहे, आणि ज्या रीतीने संपला ती रीत प्रेक्षकाला नको आहे. ‘पुढे काय झाले’ या निरागस दिसणाऱ्या प्रश्नाचा खरा उच्चार ‘टोनीने त्याला कधी मारले’ असा आहे. मेल्फीने जे मागायचे नाकारले ते तिच्या वतीने आपण मागतो आहोत, आणि वर त्या मागणीला रचनेची काळजी असे प्रतिष्ठित नाव देतो आहोत. सूडाची भूक कथाशास्त्राचे उपरणे घेऊन सभेत बसते, ती अशी.

गूढार्थवाल्यांची गोष्ट निराळी वाटेल, पण फारशी नाही. शेवटच्या प्रसंगात एक माणूस विशिष्ट छापाचे जॅकेट घालून उपाहारगृहात येतो आणि स्वच्छतागृहात जातो. त्या जॅकेटचेच नाव सहाव्या पर्वाच्या पहिल्या भागाला आहे, आणि त्या भागात तसले जॅकेट घातलेला एक जण उपाहारगृहात शिरून खून करतो. ‘गॉडफादर’मध्ये (१९७२) मायकेल स्वच्छतागृहात लपवलेले पिस्तूलच घेऊन येतो. गोळी लागते तेव्हा आवाजही ऐकू येत नसेल, असे टोनीचा मेहुणा बॉबी नावेत बसून बोलून गेलेला असतो. घंटी वाजली की टोनीचा चेहरा आणि मग टोनीला जे दिसते ते, हा क्रम त्या प्रसंगात पुन्हापुन्हा पाळलेला आहे, म्हणून शेवटच्या घंटीनंतरचा काळोख हेच टोनीला दिसलेले दृश्य. मला हा युक्तिवाद पटतो. टोनी मेला, असे माझेही मत आहे. मग? पुढे काय? एवढी चावी फिरवून जे कपाट उघडले त्यात एक प्रेत सापडले, आणि प्रेत हा काही अर्थ नव्हे, ती एक बातमी आहे.

आपल्याकडे ध्वनिसिद्धान्ताची मांडणी नवव्या शतकात आनंदवर्धनाने केली. व्यंग्यार्थ वाच्यार्थातून उमलतो, ऐकणाऱ्याच्या मनात घुमत राहतो, आणि एका ओळीत ‘सुटत’ नाही, एवढे तरी त्या परंपरेने शिकवायला हवे होते. उत्तर मिळताच जो अर्थ संपतो त्याला कोडे म्हणतात. कोडी सोडवण्यात काही पाप नाही (मीही रविवारचे शब्दकोडे सोडवतो), फक्त त्याला ‘सखोल अर्थ’ म्हणू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींच्या पुस्तकात शेवटाविषयी बोलताना चेसच्या तोंडून ‘मृत्यूचा प्रसंग’ असा शब्दप्रयोग निसटला. तो मुळात योजलेल्या आणि पुढे सोडून दिलेल्या एका वेगळ्याच प्रसंगाबद्दल होता. पण कोडे सुटल्याचे मथळे झळकायचे ते झळकलेच.

भोक बुजवले की काय होते हे पाहायला दूर जायला नको. २००२ साली चौथ्या पर्वाच्या आरंभी टोनी ख्रिस्तोफरला एका निवृत्त पोलिसाचा पत्ता देतो : तुझ्या लहानपणी तुझ्या बापाला मारले ते याने. पोलीस शपथेवर नाकारतो. खरे काय ते खुद्द ख्रिस्तोफरलाही कळत नाही, आणि कळण्याची त्याला गरजही वाटत नाही. टोनीला तू मेलेला हवा आहेस एवढे पुरे, अशा अर्थाचे बोलून तो गोळी घालतो. निष्ठा कशी विकत घेतली जाते याचे याहून थंड चित्र मी छोट्या पडद्यावर पाहिलेले नाही. त्याची सगळी ताकद खरा खुनी अज्ञात असण्यात आहे. मग २०२१ साली ‘द मेनी सेंट्स ऑफ न्यूअर्क’ हा पूर्वकथेचा चित्रपट आला आणि त्याने उत्तर दिले : ख्रिस्तोफरच्या बापाचा खून टोनीच्या ज्युनिअर काकाने करवला, आणि कारण काय, तर आपण पाय घसरून पडल्यावर तो हसला होता. उत्तर वाईट नाही, काकाच्या कोत्या स्वभावाला शोभणारे आहे. पण आता तो प्रसंग पाहताना आपल्याला ख्रिस्तोफरपेक्षा जास्त माहिती असते. आपण त्याच्याबरोबर अंधारात उभे राहत नाही, त्याची कीव करतो. निर्मात्याने स्वतःच भोक बुजवले म्हणून नुकसान कमी झाले असे मी मानत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग प्रेक्षकांनी वाद घालूच नयेत काय? अवश्य घालावेत. जॉकी नसलेल्या रिकाम्या घोड्यांच्या शर्यतीसारखे वाद सोडून जे वाद माणसांविषयी आहेत ते घालावेत. राल्फ हा टोनीचा सहकारी २००१ मध्ये ट्रेसी नावाच्या कोवळ्या नर्तकीला मरेपर्यंत मारतो. टोनी चार ठोसे लगावून गप्प बसतो. २००२ मध्ये टोनीच्या लाडक्या घोडीचा तबेल्यातल्या आगीत अंत होतो, आग राल्फने लावली असा संशय येतो (सिद्ध होत नाही), आणि टोनी त्याला स्वयंपाकघरात हातांनी ठार करतो. मारताना तो ज्या निष्पाप जिवाबद्दल ओरडतो तो जीव घोडी की ट्रेसी? इथे पुरावा गोळा करावा, पर्वे उलटीसुलटी लावून पाहावीत. कारण उत्तर काहीही निघाले तरी त्याची किंमत आपल्याला मोजावी लागते : ट्रेसी म्हणावे तर टोनीला विवेक आहे आणि तो वर्षभर उशिरा, सोयीने जागा होतो; घोडी म्हणावे तर या माणसावर आपण इतकी वर्षे जीव लावला.

आणि खरा भांडण्याजोगा शेवट काळ्या पडद्याच्या एक आठवडा आधी, ३ जून २००७ रोजी होऊन गेला आहे. बोलण्याच्या उपचाराने अट्टल गुन्हेगार सुधारत नाहीत, उलट अधिक तरबेज होतात, असे सांगणारा अभ्यास मेल्फीच्या वाचनात येतो. त्याच सुमारास एका मेजवानीत तिचा स्वतःचा उपचारक चारचौघांत तिच्या रुग्णाचे नाव फोडतो. पुढच्या भेटीत ती टोनीशी तुटक वागते, प्रतीक्षाकक्षातल्या मासिकातून त्याने फाडून घेतलेल्या पाककृतीच्या पानावरून त्याला टोचते, आणि त्याला बाहेर काढून दार लावून घेते. डॉक्टरने असे करणे अनैतिक आहे, हे टोनी तिला ऐकवतो. म्हणजे नीतीचा मुद्दा खुनी मांडतो, तोही अगदी बिनतोड.

तिने दार का लावले? तत्त्वासाठी, की मेजवानीतल्या लाजेपोटी? सहा वर्षांपूर्वी ‘नाही’ म्हणताना तिच्याजवळ कोणाचा अभ्यास नव्हता, साक्षीदार नव्हता, आणि गमावण्यासारखे बरेच होते. दार लावताना अभ्यास हाताशी होता, व्यवसायबंधूंची मान्यता होती, आणि गमवायचा होता तो फक्त एक रुग्ण. माझ्या मते पहिला नकार मोठा आणि दुसरा छोटा आहे. दुसऱ्यात भीतीचा वाटा मोठा आहे आणि ती भीती टोनीची नसून समव्यवसायींची आहे. याउलट, तो दुसरा नकारच खरा, कारण पहिल्यानंतरही ती सहा वर्षे त्याचे पैसे घेत राहिली, असे म्हणणारा मला कोणी भेटला तर त्याच्याशी मी रात्रभर भांडायला तयार आहे.